आज पाणी चोवीस

आमच्या इमारतीत तळमजल्यावर सोसायटीच्या नोटिसांचा एक फळा आहे. त्यावर रोज सकाळी साडेसहाला खडूने एकच ओळ उमटते. ‘आज पाणी चोवीस.’ कधी ‘आज पाणी पंचवीस. जिन्यात सांभाळून.’ नवीन भाडेकरूंना वाटतं, नळाला चोवीस मिनिटं पाणी येणार, आणि ते बादल्या घेऊन धावतात. जुन्यांना माहीत आहे की हे पाणी नळाचं नाही. तळमजल्यावर राहणाऱ्या सबनीस सरांच्या घरातल्या पाच काचेच्या टाक्यांमधलं हे समुद्राचं पाणी आहे, आणि चोवीस हे त्याचं तापमान आहे.

आता नागरवाड्यात समुद्राचं नाव काढायला काहीच कारण नाही. बडोद्याच्या माणसाला पाणी बघायचं असलं तर तो फार तर सूरसागर तलावाच्या कठड्याला टेकून उभा राहतो. पण सरांच्या आतल्या खोलीत समुद्र आहे आणि त्या समुद्रात पाच प्राणी आहेत. इंग्रजीत त्यांना सी-अर्चिन म्हणतात. सर समुद्रसाळू म्हणतात. दिसायला धोत्र्याचं फळ, फक्त काटे लांब आणि रंग काळपट जांभळा. डोळे नाहीत, डोकं नाही, तोंड खालच्या बाजूला. दिवसभर काचेला चिकटून बसतात आणि उकडलेला पालक खातात. एवढ्यावर एका सुशिक्षित माणसाने आयुष्याची सहा वर्षं का घालवावीत, हा प्रश्न आमच्या घरात रोज जेवताना निघायचा.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. वय अडुसष्ट. त्यांचे पणजोबा संस्थानात दफ्तर सांभाळायचे, त्यामुळे नोंदी ठेवणं रक्तात. राहतात एकटे. लग्न का केलं नाही, असं माझ्या सासूबाईंनी एकदा तोंडावर विचारलं. सर शांतपणे म्हणाले, “माई, तापमान जुळलं नाही.”

आम्ही शिर्के, बरोबर त्यांच्या डोक्यावर राहतो. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, आणि आमच्याकडे कोणाला हळू चालता येत नाही. सरांची पहिली ओळख झाली ती यावरूनच. आम्ही राहायला आलो त्या दुसऱ्या दिवशी दारात एक बारीक, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. हातात कागदाची पिशवी होती.

“वहिनी, ही भेट. सहा जोड आहेत. लोकरीचे आहेत, पण उन्हाळ्यात त्रास होणार नाही.”

पिशवीत मोजे होते. माझे यजमान विजय यांच्या पायाचा नंबरही त्यांनी जिन्यातल्या चपलेवरून बरोबर ओळखला होता.

मग आला मिक्सरचा प्रश्न. कुकरची शिट्टी सरांना चालते, टीव्ही चालतो, पण मिक्सरची घरघर भिंतीतून खाली उतरते आणि टाकीतल्या पाण्याला बारीक कंप सुटतो. सर वर यायचे आणि अत्यंत नम्रपणे विचारायचे, “वहिनी, आज चटणी किती मिनिटांची?” मी सांगायची, दोन. मग ते खाली जाऊन टाक्यांखाली घड्या घातलेली चादर सरकवायचे आणि खालूनच ओरडायचे, “हां, चालू द्या!” असं करत करत आमच्या घरात सकाळी सव्वासात ही चटणीची वेळ ठरली ती आजतागायत. पाहुणे आले तरी आम्ही सव्वासातलाच वाटतो.

मी स्वतः जन्माची काळजीखोर. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी. त्यामुळे सरांना हसताना मला मनातून थोडी भीतीही वाटायची, की वय झालं की मी अशीच होणार. मिक्सर सोडून पाटा-वरवंटा काढायचा विचार करायला लागले तेव्हा मी एकदाचं विचारलं, “सर, धक्का बसला तर नक्की होतं काय?”

“घाबरून अवेळी सोडतील.”

“काय सोडतील?”

सर थोडे लाजले. पण मास्तर माणूस, एकदा विषय निघाल्यावर थांबतोय कसला. त्यांनी जिन्यातच मला सगळं समजावलं. समुद्रसाळूंमध्ये नर आणि मादी एकमेकांना भेटत नाहीत. वेळ आली की नर पाण्यात बीज सोडतो, मादी पाण्यात अंडी सोडते, आणि जे व्हायचं ते पाण्यात होतं. सगळा खेळ त्या वेळेवर. एकटं कोणी आज सोडलं आणि दुसऱ्याने महिन्याने, तर सगळं वाया.

“मग त्यांना वेळ कळते कशी?”

“तेच तर!” सरांचा चेहरा फुलला. “पाणी किती तापलं, दिवस किती लांबला, चंद्र किती भरला, भरती कशी आली, खायला काय मिळालं. सगळं कळतं त्यांना. आणि एकाने सोडलं की ते पाण्यातूनच बाकीच्यांना कळतं, आणि मग ओळीने सगळे सोडतात. यातलं काय आधी, काय नंतर, कशाला किती वजन, ते मला बघायचंय.”

“मग आता कधी सोडतील?”

“ते पाणी ठरवेल.”

हे त्यांचं पालुपद. पाऊस कधी येणार, रिक्षा मिळेल का, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी, कशालाही उत्तर हेच.

पाचही साळू वेरावळहून आलेले. तिथले कानजीभाई नावाचे मच्छीमार सरांचे जुने दोस्त. त्यांच्या जाळ्यात आलेले साळू सरांनी मांडीवर डबा घेऊन रेल्वेने बडोद्याला आणले. वाटेत ज्या स्टेशनवर ज्याने पहिल्यांदा काटे हलवले, त्याला त्या स्टेशनचं नाव. केशोद, गोंडल, वांकानेर, विरमगाम. पाचवा हलेचना. तो मेला असं सरांनी धरून चाललं होतं, आणि गाडी आणंदला थांबल्यावर त्याने एक काटा उचलला. त्याचं नाव आणंद. सर त्याच्याबद्दल जरा जास्तच बोलायचे.

“यात बाई कोण आणि बुवा कोण?” सासूबाईंनी विचारलं.

“बाहेरून ओळखू येत नाही, माई. सोडतील तेव्हाच कळेल.”

“म्हणजे सगळे बुवेच असले तर?”

सरांनी सासूबाईंकडे असं पाहिलं की मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं. “शक्य आहे,” एवढंच म्हणाले. त्यानंतर चार दिवस फळ्यावर पाण्याचा आकडा लिहिलेला होता, पण अक्षर वाकडं होतं.

पाचांना पाच टाक्या, हाही एक हट्टच. मीच एकदा शहाणपणा केला, “एकाचं दुसऱ्याला कळतं म्हणता, मग एकत्र का नाही ठेवत?” तेव्हा सरांनी दारातूनच कोपऱ्यातली मोठी टाकी दाखवली. छाणी गावच्या एका कारागिराकडून मुद्दाम करून घेतलेली, आत आता जुनी मासिकं रचलेली. त्यात पूर्वी अकरा साळू होते. एका सकाळी एक मेला, पाणी नासलं, आणि संध्याकाळपर्यंत अकराही गेले.

“एकत्र ठेवलं की एकाचं दुखणं सगळ्यांचं होतं,” सर म्हणाले. “वेगळे आहेत म्हणून जिवंत आहेत.”

खोलीला एसी आहे. सर स्वतः स्वयंपाकघरात चटईवर झोपतात, मे महिन्यात त्रेचाळीस डिग्रीत, ओलं फडकं डोक्याला बांधून. एसी बिघडला की गोरव्यातल्या एका कारखान्यातला त्यांचा एक जुना विद्यार्थी येऊन दुरुस्त करतो. खोलीत एक मंद दिवा आहे. तिथीप्रमाणे सर तो रोज थोडा वाढवतात, थोडा कमी करतात. अमावास्येला विझवतात. आमच्या इमारतीत पंचांग न बघता तिथी सांगणारा हा एकच विज्ञाननिष्ठ माणूस.

सरांचं म्हणणं असं, की साळूच काय, माणूसही सांगून काही करत नाही. आजूबाजूचं बदललं की करतो. आमच्या सोसायटीचे चेअरमन रमणभाई. माणूस सोन्यासारखा, पण भाषणाला शेवट नाही. एका मीटिंगला सरांनी आधी जाऊन रमणभाईंची खुर्ची फडफडणाऱ्या ट्यूबलाइटखाली सरकवली, पंखा एकवर आणला, आणि शेजारच्या खोलीचं दार उघडं ठेवून तिथे सेव-उसळीचं पातेलं उघडलं. अकरा मिनिटांत पाण्याच्या टाकीसकट सगळे विषय मंजूर झाले. सरांनी मला हळूच सांगितलं, “बघितलंत ने? एक शब्द बोललो नाही.”

पण याच तत्त्वाची दुसरी बाजू मला फार उशिरा कळली. सर कोणाला बोलवत नाहीत. कधीच नाही. “बोलावून आलेला माणूस म्हणजे इंजेक्शन दिलेला साळू,” असं ते म्हणायचे. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी त्यांचं दार सताड उघडं होतं, आतून वेलचीचा वास येत होता. आम्ही सगळे कामावरून येताना त्या दारावरून गेलो. खोली हवेशीर करताहेत, असं समजून प्रत्येकाने चपला काढून हातात घेतल्या आणि पाय न वाजवता वर निघून गेलो. दुसऱ्या दिवशी सरांनी मला श्रीखंडाचा मोठा डबा आणून दिला. “उरलंय. मला एकट्याला संपणार नाही.” पुढे कधीतरी त्यांच्या कॉलेजच्या कागदांवर जन्मतारीख दिसली तेव्हा मला त्या उघड्या दाराचा अर्थ लागला. त्या दिवशी मी ऑफिसात काहीच काम केलं नाही.

इंजेक्शनची गोष्ट मात्र खरी होती. ती सरांनी एकदाच सांगितली. कॉलेजात दरवर्षी प्रात्यक्षिकाला साळू आणायचे. तोंडाजवळ सुई खुपसून एक द्रव आत सोडायचा, की दोन मिनिटांत साळू असेल नसेल ते सगळं सोडून देतो. काचेच्या भांड्यावर उलटा ठेवला की खाली धार. मुलं टाळ्या वाजवायची. सरांनी हे पस्तीस वर्षं केलं.

“त्यांची वेळ झालीय का, हे कोणी विचारलं नाही, वहिनी. परीक्षेची वेळ झाली होती.”

मग म्हणाले, “एकदा तरी मला बघायचंय. कोणी न टोचता. आपणहून.”

म्हणजे सरांना एवढंच हवं होतं. आणि या वर्षी कळलं, की ही शेवटची संधी आहे.

झालं असं, की साळूंसाठी लागणारं समुद्राचं पाणी कानजीभाई दर दोन महिन्यांनी बसने पाठवायचे, दहा-दहा लिटरचे सहा डबे. संक्रांतीनंतर डबे आले आणि फोनही आला. कानजीभाईंनी होडी विकली होती, ते मुलाकडे सुरतेला चालले होते. “साहेब, आ छेल्लुं पाणी,” ते म्हणाले. हे शेवटचं.

“मीठ मिळतं की बाजारात, समुद्राचं पाणी बनवायचं,” विजय म्हणाले.

“मिळतं. त्यात जगतात. पण सोडतील असं मला वाटत नाही. सहा वर्षांत मी तेही करून पाहिलंय,” सर म्हणाले आणि डब्यांकडे बघत राहिले.

त्यांच्या घरात जागा नव्हती आणि आमची चोकडी, म्हणजे भांडी घासायची मोरी, उत्तरेची, थंड. म्हणून ते सहा डबे आमच्याकडे आले. सरांनी त्यांना ओलं गोणपाट गुंडाळलं, झाकणं घट्ट लावून वर मेण ओतलं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. डबा कलंडेल, उंदीर मेण कुरतडेल, विजय पाय धुतील. मी ऑफिसातून घरी फोन करून विचारायची, डबे आहेत ने?

मुहूर्त होता होळीच्या पौर्णिमेचा. सरांचा हिशेब असा. पाणी महिनाभर रोज कणाकणाने तापवत चोवीसवरून सव्वीसवर आणायचं. पौर्णिमेच्या दुपारी प्रत्येक टाकीतलं निम्मं पाणी काढून टाकायचं, म्हणजे ओहोटी. संध्याकाळी चंद्र वर आला की हे ताजं पाणी घालायचं, म्हणजे भरती. ऊब, चंद्र, भरती, तिन्ही एकाच वेळी. याउपर नाही सोडलं तर नाही.

आणि त्याच पौर्णिमेला निघालं चंद्रग्रहण.

सर वर आले तेव्हा त्यांच्या मिशीला घाम होता. “माई, पंचांग आहे ने तुमच्याकडे?” सासूबाईंना साठ वर्षांत कोणी शास्त्रज्ञ पंचांग मागायला आला नव्हता. दोघं जमिनीवर बसले. चंद्र उगवणार तोच ग्रहण लागलेला, आणि घटकाभरात सुटणार. सासूबाईंना चिंता वेधाची, स्वयंपाक कधी आटपायचा, सोवळं कसं सांभाळायचं. सरांना चिंता, की आपला दिवा ग्रहणात मंद करायचा की नाही.

“समुद्रात असते तर त्यांना अंधार दिसलाच असता ने, माई?”

“दिसणारच. ग्रहण काय माणसांपुरतंच असतं?”

“मग मंद करतो.”

दोघांनी स्पर्श-मोक्षाच्या वेळा दोन कागदांवर उतरवून घेतल्या. एवढं एकमत आमच्या घरात मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

पौर्णिमेच्या दिवशी मी अर्धी रजा काढून घरी आले. जिन्यात सर भेटले. “ओहोटी झाली,” ते पुटपुटले. पाच टाक्यांमधलं निम्मं पाणी त्यांनी काढून टाकलं होतं. चौकात होळी रचत होते. सरांनी तिथे जाऊन ढोल वाजवणाऱ्यांना हात जोडले होते, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी ऐकलंही होतं.

मी जरा आडवी झाले, तो डोळा लागला. उठले तेव्हा ग्रहण सुटून गेलं होतं. सासूबाई डोक्यावरून न्हाऊन, ओले केस मोकळे सोडून, देवापाशी दिवा लावत होत्या. चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान. तेवढ्यात सर डबे न्यायला आले.

त्यांची एक सवय होती. पाणी वापरायच्या आधी बोटाने एक थेंब जिभेवर ठेवायचे. गोणपाट बाजूला केलं. डबा लख्ख दिसत होता. मेण नव्हतं. सरांनी झाकण उघडलं, बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं.

मग दुसऱ्या डब्यात. मग तिसऱ्या.

“माई,” ते म्हणाले, “हे पाणी गोडं आहे.”

“असणारच की,” सासूबाई आतून म्हणाल्या. “ग्रहणाचं पाणी ठेवतात का? पिण्याच्या हंड्यावर मी तुळशीपत्र ठेवलं होतं, दुधावर ठेवलं, लोणच्यावर ठेवलं. तुमच्या डब्यांची झाकणं मला वेधाआधी हाताने उघडता येईनात, मेण होतं ने, आणि वेधात सुरी चालत नाही. मग तुळस घालणार कशी? मोक्ष झाल्यावर सुरीने मेण खरवडलं, सगळं ओतून दिलं, डबे चिंचेने घासले आणि ताजं पाणी भरून ठेवलं. मुक्या जिवांना कुठे ग्रहणाचं पाणी पाजायचं, सर? पाप लागतं.”

मी चोकडीच्या जाळीकडे बघितलं. तिथे काही नव्हतं, ओली फरशी होती.

सर ओरडतील, रडतील, काहीतरी करतील असं मला वाटलं. त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. “तुमच्या बाजूने बरोबर आहे, माई,” म्हणाले. “मीच सांगायला हवं होतं. मी नुसतं मेण लावलं.” आणि खाली गेले.

सासूबाईंना मग मी सांगितलं. त्या खाली बसल्या. “शेवटचं होतं? अगं मग मला बोलली का नाहीस? मी त्यांचं काय केलं हे!” छातीवर हात ठेवून त्या नुसत्या म्हणत राहिल्या. मला त्यांचाही राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. झोपले कशाला मी?

दहा मिनिटांत सर परत दारात. आवाज कोरडा होता. “विजयराव, वहिनी, जरा मदत लागेल. निम्म्या पाण्यात ती जगणार नाहीत, आणि ते बाजारातलं मीठ आज रात्री मिळायचं नाही. पाचांचं पाणी मोठ्या टाकीत एकत्र करायला हवं. पाचांनाही.”

“पण तुम्हीच म्हणाला होतात…” मी म्हटलं.

“माहीत आहे मी काय म्हणालो होतो.”

त्या खोलीत आम्ही पहिल्यांदा पाऊल टाकलं. मासिकं काढली, मोठी टाकी पुसली. विजयनी आणि सरांनी एकेक टाकी उचलून ओतली, पाणी हिंदकळत होतं, आणि प्रत्येक हिंदकळ्याला सरांचा चेहरा आकसत होता. पाचही साळू सरांनी ओंजळीत धरून खाली ठेवले. टाकीत पाणी पुरेसं झालं. पाच काळे गोळे तळाशी जवळजवळ बसले, काटे एकमेकांत अडकले.

“आता?” विजयनी विचारलं.

सरांनी त्यांचं नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. “आता एक जरी गेला तर सकाळपर्यंत सगळे जातील,” म्हणाले आणि टाकीजवळ उभे राहिले.

सकाळी सात वाजता दार वाजलं. धुळवडीची पोरं असतील म्हणून मी चिडूनच उघडलं. सर होते. डोळे लाल. मला वाटलं, संपलं.

“वहिनी, माईंना घेऊन या. विजयरावांना पण. लवकर. मोजे राहू देत.”

सासूबाई रात्रभर जाग्याच होत्या. त्यांचा हात धरून मी त्यांना खाली नेलं. त्या प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेत होत्या.

टाकीत आणंदच्या वरच्या टोकातून पांढरी बारीक रेघ वर चढत होती, उदबत्तीच्या धुरासारखी. वर जाऊन पसरत होती. शेजारच्या केशोदच्या अंगावरून केशरी काहीतरी ओघळत होतं, पिठाएवढं बारीक. बघता बघता गोंडलचं सुरू झालं, मग विरमगामचं. वांकानेर सगळ्यांत शेवटी. बाहेर चौकात ढोल सुरू झाले, तरी सर दाराकडे वळले नाहीत.

“पांढरं म्हणजे बुवा?” सासूबाईंनी कुजबुजून विचारलं.

“हो. केशरी म्हणजे बाई.”

सासूबाईंनी मोजलं. “दोन बुवे, तीन बाया. चला, सगळे बुवे नाही निघाले.” आणि त्या रडायलाच लागल्या. “केशोदची ओटी भरायला हवी हो,” असं रडता रडता म्हणाल्या. मलाही रडू फुटलं आणि हसूही आलं.

टेबलावर सरांची वही उघडी होती, पेन वर ठेवलेलं होतं. पानावर तारीख होती, पुढे काही नव्हतं.

“लिहा ने सर,” विजय म्हणाले.

“काय लिहू? ऊब होती, चंद्र होता, ग्रहण होतं, ओहोटी होती, काल आपण केवढे धक्के दिले, आणि पाच जण एका पाण्यात आले. सगळं एकदम. यातून काही सिद्ध होत नाही.” सर हसले. “पण मला माहीत आहे कशामुळे. आधी आणंद. मग त्याला लागून केशोद. मग ओळीने. सहा वर्षं, माई. सहा वर्षं ही पाच जणं एका खोलीत होती आणि मध्ये माझी काच होती. एकाचं पाणी दुसऱ्याला लागू दिलं नाही मी. मरतील म्हणून.”

“बरं केलंत. जगवलीत,” सासूबाई म्हणाल्या.

“जगवली खरी.” सर टाकीकडे बघत होते. “नुसती जगवली. दुसरं मला येत नाही.”

एवढ्यात बातमी वर पोचली होती. रमणभाई आणि त्यांच्या पत्नी हंसाबेन आले, अंगभर गुलाल. तिसऱ्या मजल्यावरचे आले. सर कोणालाही अडवत नव्हते. रमणभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा भाषण केलं नाही, नुसतं “वाह” म्हणाले. अर्ध्या तासात पाणी दुधाळ झालं, बघण्यासारखं काही उरलं नाही आणि एकेक जण रंग खेळायला निघून गेला. विजयही गेले, हंसाबेन वर घरी गेल्या.

मी आणि सासूबाईही निघालो. दारापर्यंत आलो तेव्हा सर मागून म्हणाले, “उद्या यांच्यात काही दिसणार नाही. पुढचं सगळं सूक्ष्मदर्शकातलं.”

“बरं,” मी म्हटलं.

“परवाही काही दिसणार नाही.” ते टाकीची काच पुसत होते, जी आधीच स्वच्छ होती. “तरी याल का? काही कारण नाही. तसंच.”

सासूबाई वळल्या, सरळ परत आत गेल्या आणि खोलीतली एकुलती एक खुर्ची ओढून तिच्यावर बसल्या.

“उद्याचं उद्या बघू, सर. आज आधी चहा टाका. आणि या आमच्या रोहिणीला बसायला काही तरी द्या. तुम्ही कुठे बसणार?”

सरांनी खोलीभर नजर फिरवली. बसण्यासारखं दुसरं काही त्या घरात नव्हतं. मग ते बाहेर गेले, जिन्याच्या तळाशी उभे राहिले आणि तोंड वर करून, इमारतीतल्या कोणी कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात ओरडले, “हंसाबेन! खुरशी आपजो ने! बे.” क्षणभर थांबले. “ना, ना. छ आपजो!”

दोन मागायला गेलेल्या माणसाने सहा मागितल्या. हंसाबेन वरून म्हणाल्या, “आवी, सर, आवी,” आणि जिन्यावरून एकेक खुर्ची खडखडत खाली येऊ लागली.